सगळं नॉर्मल आहे, फक्त दुखतंय

2022 च्या गुढीपाडव्याला राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला, कॅन्टीनमध्ये पुन्हा टेबलासाठी भांडणं सुरू झाली. पण ज्यांचं अंग कोविडच्या आधीही दुखत होतं, लॉकडाऊनमध्येही दुखत होतं आणि आजही दुखतंय, त्यांचं काय? 12 मे या फायब्रोमायल्जिया जागृती दिनाच्या निमित्ताने, न दिसणाऱ्या दुखण्याच्या दोन वर्षांची ही गोष्ट.

लस घेतल्यानंतरचा दुसरा दिवस आठवतोय? रात्री हुडहुडी भरली, सकाळी अंग असं मोडून आलं की चादर बाजूला करायचाही कंटाळा. आईने पॅरासिटामॉल हातात ठेवली, ‘आज पडून राहा’ म्हणाली. कोणी ‘खरंच दुखतंय का?’ असं विचारलं नाही. उलट व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाचा हात किती उचलत नाहीये याची स्पर्धा लागली होती.

आता असं समजा, की तो दुसरा दिवस संपलाच नाही. आठवडा गेला, महिना गेला, तीन महिने झाले. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, सगळं ठणकतंय. आठ तास झोपूनही उठल्यावर वाटतंय की रात्रभर सामान वाहिलंय. लेक्चरला बसलात तर सरांचं वाक्य अर्ध्यात हरवतंय. रक्ताच्या तपासण्या केल्या, एक्स-रे काढला, सगळे रिपोर्ट नॉर्मल. आणि घरचे म्हणतायत, ‘काही झालेलं नाहीये तुला, मोबाइल कमी कर.’

हे जे काही आहे, त्याला डॉक्टर फायब्रोमायल्जिया म्हणतात. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांनुसार साधारण 2 ते 4 टक्के लोकांना हा त्रास असतो, त्यात बायकांचं प्रमाण जास्त. वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतं, पण विशीतल्यांनाही तो होतो. म्हणजे तुमच्या वर्गात कोणी नसेलही, पण तुमच्या स्टाफरूममध्ये, तुमच्या बिल्डिंगमध्ये किंवा तुमच्याच घरात ओट्यापाशी कंबरेवर हात ठेवून उभं असलेलं कोणीतरी असू शकतं.

रिपोर्टमध्ये न सापडणारा आजार

या आजारात सांधे झिजत नाहीत, स्नायू कुजत नाहीत, सूजही दिसत नाही. बिघाड असतो तो मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश हाताळतात त्या पद्धतीत. सोप्या भाषेत सांगायचं तर, कोणी कानात हळू आवाजात बोलावं आणि ते डीजेच्या भिंतीतून बाहेर पडावं, तसं. खांद्यावर पडलेली मैत्रिणीची थाप, बॅगेचा पट्टा, एसीचा गार झोत, एवढंसं काहीही वेदना म्हणून पोचू शकतं. जोडीला थकवा, न भरणारी झोप, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, आणि विसरायला लावणारं धुकं. त्याला ‘फायब्रो फॉग’ असं नावच आहे.

पूर्वी याचं निदान शरीरावरच्या ठरावीक जागा दाबून करत. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या 1990 च्या निकषांत अशा 18 जागा होत्या आणि त्यातल्या किमान 11 दुखायला हव्या होत्या. 2010 मध्ये हे बदललं. आता दुखणं किती भागांत आहे, थकवा किती, झोप कशी, स्मरणशक्तीचं काय आणि हे सगळं किमान तीन महिने चाललंय का, हे विचारून गुण दिले जातात. थोडक्यात, या आजाराचं निदान पेशंटचं बोलणं ऐकून होतं. रक्ताच्या तपासण्या करतात त्या मुख्यतः थायरॉइड, आमवात, जीवनसत्त्वांची कमतरता असं दुसरं काही नाही ना, हे बघायला.

ज्या आजाराचा एकमेव पुरावा तुमचं बोलणं आहे, त्यात तुमच्यावर कोणी विश्वास ठेवतं की नाही, यावर किती काय अवलंबून असेल बघा. गायिका लेडी गागाने 2017 मध्ये आपल्याला फायब्रोमायल्जिया असल्याचं सांगितलं आणि 2018 च्या सुरुवातीला असह्य वेदनांमुळे युरोपच्या दौऱ्यातले शेवटचे दहा कार्यक्रम रद्द केले. तिच्यावरही ‘नाटक करते’ म्हणणारे होतेच. मग डोंबिवलीहून 7.14 ची फास्ट पकडणाऱ्या मुलीचं काय!

ती मुलगी म्हणजे माझी मावसबहीण. नाव छापू नको म्हणाली, म्हणून इथेही तिला ताईच म्हणते. तिचं निदान 2019 मध्ये झालं, त्याआधी दोन वर्षं आणि पाच डॉक्टर गेले. 2020 च्या मार्चमध्ये ती टीवायच्या शेवटच्या सेमिस्टरला होती. या लेखासाठी तिच्याशी तीन-चार वेळा सलग बोलले. तेव्हा लक्षात आलं की लॉकडाऊनबद्दल तिच्याकडे जे सांगायला आहे, ते आपल्या कोणाच्याच ‘लॉकडाऊन मेमरीज’मध्ये नाहीये.

जे औषध होतं, तेच बंद

22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, मुंबईच्या लोकल थांबल्या आणि 25 मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. पहिले पंधरा दिवस ताईला चक्क बरं वाटलं. लोकलमधलं लोंबकळणं नाही, जिने नाहीत, सकाळी साडेपाचचा गजर नाही. जग थांबलं होतं आणि पहिल्यांदाच तिचा वेग आणि जगाचा वेग सारखा झाला होता.

मे महिना उजाडेपर्यंत मात्र तिला सकाळी ब्रश धरणंही जड जाऊ लागलं. असं का झालं असेल?

या आजारावर सगळ्यात भरवशाचा उपाय कोणता, याचा युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने बऱ्याच संशोधनांचा आढावा घेतला होता. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शिफारशींत ‘नक्की करा’ असा ठाम कौल मिळालेला उपाय एकच, तो म्हणजे व्यायाम. प्रीगॅबलिन, ड्युलॉक्सेटिन यांसारखी औषधं काहींना थोडाफार आराम देतात, पण त्यांनाही एवढा ठाम कौल नाही. चालणं, पोहणं, हलके ताण, बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम, हेच खरं औषध. आणि आपल्याकडे पहिल्या फटक्यात बंद झालं ते हेच. बागा बंद, तरणतलाव बंद, फिजिओथेरपीचे बहुतेक दवाखाने बंद. राज्यात जिम उघडल्या त्या थेट 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी.

‘मग घरात करायचा ना व्यायाम’ असं तुम्ही म्हणाल. वन बीएचकेमध्ये चार माणसं. बाबांचं ऑफिस डायनिंग टेबलवर, भावाची शाळा हॉलमध्ये, ताईचं कॉलेज पलंगावर. योगा मॅट अंथरायची तर कोणाला तरी उठवायला लागणार. शिवाय कामाला येणाऱ्या मावशी येत नव्हत्या, त्यामुळे झाडू, लादी, भांडी, वर बाहेरून आलेली प्रत्येक भाजी धुणं-पुसणं. हे काम घरातल्या बायकांच्या वाट्याला किती आलं, हे तुम्ही तुमच्या घरात पाहिलंच असेल. लादी पुसणं हाही व्यायामच की, असं कोणीतरी तिला म्हणालंही. फरक असा की व्यायाम तुम्ही दुखायला लागल्यावर थांबवू शकता. अर्धी लादी पुसून थांबता येत नाही.

या आजारात एक सूत्र सांगतात, ते आपल्याकडे म्हणीतच आहे: अंथरूण पाहून पाय पसरावेत. बऱ्या दिवशी उत्साहात सगळी कामं उरकली की पुढचे तीन दिवस आडवं व्हायला लागतं. म्हणून बऱ्या दिवशीही थोडंच करायचं आणि वाईट दिवशीही अगदी थांबायचं नाही. लॉकडाऊनमध्ये हा हिशेब तिच्या हातातच राहिला नाही.

‘दुखतंय’ म्हणायचीही चोरी

या काळातली सगळ्यात वेगळी अडचण मला तरी कधी सुचली नसती. अंगदुखी आणि थकवा ही कोविडचीही लक्षणं. ज्याला रोजच अंगदुखी आणि रोजच थकवा, त्याने ओळखायचं कसं?

पहिल्या लाटेत ताईचं दुखणं एकदा खूप वाढलं, तर घरात घबराट. तिला बेडरूममध्ये वेगळं ठेवलं, म्हणजे उरलेले तिघे हॉलमध्ये. शेजारी कुजबुज. टेस्ट निगेटिव्ह आली, पण पुढचे कित्येक महिने तिने ‘दुखतंय’ हा शब्दच उच्चारणं बंद केलं. आधीच लोकांना खरं न वाटणारं दुखणं, त्यात ते बोलून दाखवायची चोरी. फोन लावला की कानात वाजणारी ती खोकल्याची ट्यून आठवते? आपण त्यावर मीम्स केले. तिला प्रत्येक वेळी घशात काही होतंय का ते तपासावंसं वाटायचं. भीती आणि ताणाने झोप उडते, झोप उडाली की वेदना वाढते, वेदना वाढली की पुन्हा झोप येत नाही. फायब्रोमायल्जियात हे चक्र एरवीही असतंच. महासाथीने ते दोन वर्षं फिरतं ठेवलं.

ज्यांना याच्या जोडीला ल्युपस किंवा आमवात आहे (आणि असे पेशंट बरेच असतात), त्यांच्या मागे आणखी एक काळजी लागली. त्यांचं रोजचं औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. मार्च 2020 मध्ये कोविडवर ते चालेल अशी चर्चा सुरू झाली आणि धडधाकट माणसंही केमिस्टकडे धावली. सरकारने निर्यातीवर बंदी घातली, विक्रीचे नियम कडक केले. कोविडवर ते उपयोगी नाही हे मोठ्या चाचण्यांमधून स्पष्ट व्हायला काही महिने गेले. तोवर ज्यांची रोजची गोळी होती, ते दुकानदुकान फिरत होते.

आणि तरी काही गोष्टी सोप्या झाल्या

आता दुसरी बाजू. 2020-21 मध्ये ताईने एम.कॉम.ला प्रवेश घेतला. सगळी लेक्चर ऑनलाइन. कॅमेरा बंद, पाठीला शेकायची पिशवी, लॅपटॉप उशीवर. दुखलं की आडवं पडून ऐकायचं, डोक्यात धुकं असेल तर संध्याकाळी रेकॉर्डिंग लावायचं. एफवाय आणि एसवायला ती दर सेमिस्टरला डिफॉल्टर लिस्टमध्ये असायची. एम.कॉम.च्या पहिल्या वर्षी एकदाही नाव लागलं नाही. आजार तोच, मुलगी तीच. फक्त वर्ग तिच्या पलंगापर्यंत आला होता.

आपण सगळे ऑनलाइन लेक्चरला वैतागलो होतो, मीही. ‘सर, आवाज येत नाहीये’ यात अर्धं वर्ष गेलं. ज्यांच्याकडे चांगला फोन नव्हता, रेंज नव्हती, त्यांचे तर हालच झाले. ते विसरून चालणार नाही. पण याच व्यवस्थेत काही मुलं पहिल्यांदा बाकीच्यांच्या बरोबरीने शिकत होती, हेही तितकंच खरं.

डॉक्टरांचंही तसंच. 25 मार्च 2020 ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले आणि फोनवरून, व्हिडिओ कॉलवरून सल्ला देण्याला स्पष्ट चौकट मिळाली. पहिल्यांदा निदान करताना पेशंटला समोर बसवून तपासावंच लागतं. पण पुढच्या भेटींत मुख्य काम बोलण्याचंच असेल, तर त्यासाठी डोंबिवली ते परळ प्रवास कशाला? पूर्वी फॉलोअपला जाऊन आलं की ताईचे पुढचे दोन दिवस अंथरुणात जायचे. व्हिडिओ कॉलमुळे ते दोन दिवस वाचले.

मला अस्वस्थ केलं ते इथे. 2018 मध्ये ताईने एका शिक्षकांना लेक्चर रेकॉर्ड करू का म्हणून विचारलं होतं, तेव्हा ‘तसं करता येत नाही’ असं उत्तर मिळालं. दोन वर्षांनी सगळ्यांनाच गरज पडली, तर काही आठवड्यांत प्रत्येक विषयाची लेक्चर रेकॉर्ड व्हायला लागली. परीक्षाही घरून झाल्या. टीवायची परीक्षा ऑक्टोबर 2020 मध्ये तिने घरूनच, बहुपर्यायी प्रश्नांची दिली. तीन तास सलग लिहून हाताला मुंग्या यायचं टेन्शन नव्हतं. म्हणजे ‘करता येत नाही’चा खरा अर्थ ‘एकटीसाठी करणार नाही’ असा होता.

2022 च्या उन्हाळी परीक्षा ऑफलाइन झाल्या, लेक्चर वर्गात आली, रेकॉर्डिंग बंद झालं आणि ताईचं नाव पुन्हा डिफॉल्टर लिस्टमध्ये आलं. कॉलेज वर्गात भरायलाच हवं, कट्टा परत मिळाला याचा आनंद मलाही आहे. पण वर्ग उघडताना ती एक खिडकी बंद करायची काही गरज होती का?

कोविडने नवे सोबतीही आणले

कोविड होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने थकवा, अंगदुखी आणि विसराळूपणा राहिलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. इटलीतल्या संशोधकांनी अशा लोकांची ऑनलाइन पाहणी केली आणि ती 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. कोविड होऊन गेलेल्या 616 जणांपैकी सुमारे 31 टक्के जण फायब्रोमायल्जियाच्या निकषांत बसत होते. यातून लगेच कोविडमुळे तिघांतल्या एकाला हा आजार होतो असं म्हणू नका. ज्यांना त्रास राहिलाय तेच अशा पाहण्या भरण्याची शक्यता जास्त, आणि प्रश्नावली भरणं म्हणजे डॉक्टरांनी तपासणं नाही. पण ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी मला बरं वाटत नाहीये’ हे वाक्य आता खूप जणांच्या तोंडी आलंय. आणि त्यांना पहिल्यांदाच कळतंय की या वाक्याला समोरून काय उत्तरं मिळतात.

यादीत नाव नाही, पण दार बंद नाही

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात फायब्रोमायल्जिया हे नाव नाही. 1 मार्च 2021 पासून सहव्याधी असलेल्या 45 वर्षांवरच्यांना लस सुरू झाली, त्या यादीतही ते नव्हतं. त्यामुळे लोकलच्या अपंगांच्या डब्यात चढायला प्रमाणपत्र नाही, परीक्षेत जादा वेळ किंवा रायटर मागायला कागद नाही. लेडीज डब्यात चौथ्या सीटसाठी विनंती केली तर ‘दिसतेस तर धडधाकट’ असा लूक.

पण एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी, तुमच्यासाठी नाही तर मैत्रिणीसाठी. विकास कुमार या यूपीएससीच्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्पचा त्रास होता. त्याला लेखनिक नाकारण्यात आला, कारण तो 40 टक्के अपंगत्वाच्या निकषात बसत नव्हता. 11 फेब्रुवारी 2021 ला, ऐन महासाथीत, सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. 40 टक्क्यांची अट पूर्ण होत नाही एवढ्या कारणावरून अपंग व्यक्तीला लेखनिकासारखी सोय नाकारता येणार नाही, वाजवी सोय हा तिचा हक्क आहे, असं न्यायालयाने सांगितलं. हा निकाल फायब्रोमायल्जियाबद्दलचा नाही, आणि तो दाखवला की उद्या सगळं मिळेल असंही नाही. पण कॉलेजच्या ऑफिसमध्ये ‘यादीत नाही, विषय संपला’ असं कोणी म्हणालं, तर विषय संपत नाही, हे सांगायला तो पुरेसा आहे.

आपण काय करू शकतो?

तुम्हालाच असं दुखत असेल तर: तीन महिने झाले तरी थांबत नसेल, तर इन्स्टाग्रामवरच्या रील्स बघून स्वतःच निदान करू नका आणि ‘सहन करायला शिकलं पाहिजे’ असंही ठरवू नका. फॅमिली डॉक्टरांकडे जा, बाकीच्या शक्यता तपासून घ्या, गरज वाटली तर संधिवाततज्ज्ञाकडे पाठवायला सांगा. जाण्याआधी दोन आठवडे एक साधी वही ठेवा: कुठे दुखलं, किती झोप झाली, आदल्या दिवशी काय केलं. ऐनवेळी धुक्यात काही आठवत नाही, तेव्हा ती वही कामाला येते. पाच मिनिटं चालण्याने सुरुवात केली तरी ती सुरुवातच आहे.

मैत्रिणीला किंवा मित्राला असेल तर: ‘पण तू तर बरी दिसतेस’ हे वाक्य आधी डिलीट करा. ऐनवेळी प्लॅन कॅन्सल केला तर ती भाव खात नाहीये. तिला पुढच्या प्लॅनमधूनही वगळू नका. यायचं की नाही ते तिला ठरवू द्या. ट्रेकला जमत नसेल, तर ट्रेकनंतरच्या मिसळीला बोलवा. योगा कर, हळद-दूध पी, विचार करणं सोड असले सल्ले तिला रोज चार जण देतात, पाचवे होऊ नका.

आणि वर्ग म्हणून: लेक्चर रेकॉर्ड करायला आता नवी मशीन लागत नाही. शिक्षकांची परवानगी घ्या, पहिल्या बाकावर एक फोन ठेवा आणि ऑडिओ ग्रुपवर टाका. सीआर असाल तर आजारपणातल्या अटेंडन्सचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये काढा. याचा फायदा फक्त एका मुलीला होणार नाही. डेंग्यूतून उठलेल्या, पाय मोडलेल्या, घरी आजी आजारी असलेल्या प्रत्येकाला होईल.

दोन वर्षं आपण सगळे घरात अडकलो होतो, तेव्हा व्यवस्था आपल्यासाठी वाकली. ती वाकू शकते हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. पुढच्या आठवड्यात सबमिशनसाठी ग्रुप पडतील, तेव्हा नेहमी गैरहजर असणारं एखादं नाव कोणालाच आपल्या ग्रुपमध्ये नको असेल. ते नाव तुमच्या ग्रुपमध्ये घ्या आणि घरून जमेल असं काम तिला द्या.